कलम १०६ आणि आपली नोंदणी

अगदतंत्राच्या पेपरासाठी ‘व्यवहार आयुर्वेद’ आम्ही सर्वांनीच पाठ केला होता. परीक्षा आटोपली आणि त्यातील न्यायालयीन शब्द विस्मरणात गेले. अंधेरी, बोरिवली वा मुलुंडच्या न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग आला की ते नव्याने शिकावे लागतात.

‘दखलपात्र’ गुन्हा म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना ज्याचा तपास करता येतो तो. ‘जामीनपात्र’ म्हणजे ज्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो तो. एकच गुन्हा एकाच वेळी दखलपात्र आणि जामीनपात्र असू शकतो. निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू हा नेमका तसाच गुन्हा आहे. तपासाअंती पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात. मात्र दोषसिद्धीपर्यंत व्यक्ती ‘आरोपी’च असते, ‘दोषी’ नव्हे. वर्तमानपत्रांना हा भेद क्वचितच सुचतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाच्या मृत्यूस कमाल दोन वर्षे कारावास होता, तो सर्वांना सारखाच. नव्या कलम १०६(१) मध्ये ही मर्यादा पाच वर्षे झाली. वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास मात्र ती दोनच वर्षे आहे. हे वाचून आमचे अनेक व्यवसायबंधू निश्चिंत झाले. त्यांनी खालचे स्पष्टीकरण वाचलेले नाही! तेथे ‘नोंदणीकृत’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खालील अर्हता व नोंदणी असलेला, असे म्हटले आहे. आपली नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते. शब्दशः वाचल्यास वैद्य या सवलतीबाहेर राहतो. संघटनेने शासनदरबारी सर्वप्रथम मांडावा असा हा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिलासा आहे तो ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाचा. फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, तपास अधिकाऱ्याने त्याच शाखेतील तज्ज्ञाचे, शक्यतो शासकीय सेवेतील, निःपक्ष मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालील हजर राहण्याची नोटीस ही अटक नव्हे. ती घेऊन, वकिलांचा सल्ला घेऊन, दिलेल्या दिवशी जावे. केसपेपरची मूळ प्रत दिली तर जप्ती पंचनाम्यात तिची नोंद झाली आहे ना, हे पाहावे. मागाहून त्यावर एक ओळही वाढवू नये.

औषधी दुकानदारांसाठी एवढेच: ‘मधुमेह समूळ बरा’ हा फलक १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली दखलपात्र गुन्हा ठरू शकतो. पहिल्या दोषसिद्धीस सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही. फलक आजच उतरवावा.