पेटीतला बिनशेपटीचा विंचू

इंदापूरकडनं एक व्हॉइस नोट आली. "दादा, डाळिंबाच्या बागेत सातेरीची पेटी ठेवलीय. झाकण काढलं तर माशीच्या पायाला बारका विंचू लटकलेला. औषध मारू का?"

नको रे भावा! कीटकनाशकानं आधी माश्याच मरतील. आणि सोबत पाठवलेला फोटो झूम करून बघ. आठ पाय आहेत, पुढं दोन चिमटे आहेत, पण शेपूट? नाहीच. म्हणजे नांगीही नाही. हा खोटा विंचू, स्यूडोस्कॉर्पियन. कोळ्यांच्या खानदानातला, माणसाला निरुपद्रवी. बारामतीत घरातली जुनी पुस्तकं चाळा, याची भावकी तिथंही भेटू शकते. माशीचं रक्त तो पीत नाही. पाय पकडून फुकट एसटी प्रवास चाललाय त्याचा.

आता याचं नाव काय? इथं गंमत आहे. लिनियसनं 1758 मध्ये असा एक प्राणी चक्क गोचिडांच्या जवळच्या माइट्समध्ये टाकला. 1762 मध्ये जॉफ्रॉयनं त्याला वेगळं काढून 'चेलिफर' ही प्रजाती केली. मग काय, पुढं बरेच खोटे विंचू तिच्यातच कोंबले गेले. 1903 मध्ये आफ्रिकेतल्या मधमाश्यांसोबत राहणारी जातसुद्धा तिथंच गेली. शेवटी 1932 मध्ये अमेरिकन अभ्यासक चेंबरलिन यांनी माश्यांसोबत राहणाऱ्यांसाठी वेगळी प्रजाती केली, 'एलिंगसेनियस'. एलिंगसेन हे नॉर्वेचे अभ्यासक, त्यांच्या नावावरनं. त्याच वर्षी चेंबरलिननी भारतातल्या जातीला नाव दिलं 'एलिंगसेनियस इंडिकस'. ही आपल्या सातेरीच्या पोळ्यात राहणारी.

मग फोटोतला तोच का? सातेरीची पेटी म्हणजे शक्यता चांगली आहे. पण फोनच्या फोटोवर शिक्का मारता येत नाही, राव. वर्गीकरण करणारे रंग बघत नाहीत, चिमट्यावरचे केस बघतात. हवेची हालचाल टिपणारे लांब केस. मोठ्या झालेल्या प्राण्यात सहसा चिमट्याच्या स्थिर बोटावर आठ, हलणाऱ्या बोटावर चार. कुठला केस कुठं उगवलाय, यावरनं घराणं कळतं. पिल्लात केस कमी असतात, त्यामुळं पिल्लू आलं की डोकेदुखी.

एवढा कीस कशाला पाडायचा? कारण न्यूझीलंडमध्ये पेट्यांतल्या खोट्या विंचवांच्या पोटात व्हरोआचा डीएनए सापडलाय. व्हरोआ म्हणजे माश्यांना पोखरणारा माइट. लिनियसनं ज्यांच्यात बसवला, त्यांनाच हा खातो! पण तिथल्या जाती वेगळ्या आहेत. त्यांचं काम आपल्या इंडिकसच्या नावावर लावून 'हा पेटी वाचवतो' असा व्हॉट्सॅप फॉरवर्ड करू नका, प्लीज.

तर मित्रा, एक-दोन विंचू मऊ ब्रशनं उचल, 70 टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाक. आत चिठ्ठी ठेव: गाव, तारीख, कुठली माशी. आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिही. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.