सुट्या अंकाची किंमत

एकोणिसाव्या शतकातली विज्ञान मासिकं-साप्ताहिकं जमवणाऱ्यांना बंगळुरू सोयीचं शहर आहे. १८०९ पासूनची लष्करी छावणी, १८५८ साली शाळा म्हणून सुरू झालेलं सेंट्रल कॉलेज, १९०९ सालची भारतीय विज्ञान संस्था, शिवाय ॲव्हेन्यू रोडवरची जुन्या पुस्तकांची दुकानं आणि ब्रिगेड रोडजवळचं १९४५ पासूनचं सिलेक्ट बुक शॉप. पण नवखा संग्राहक भाळतो तो कातडी पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या, वर्षाचे अंक एकत्र शिवलेल्या खंडावर. माझ्या मते त्याने मळका, सुटा अंक घ्यावा. बांधणी करताना वेष्टनं आणि जाहिरातींची पानं बहुधा काढून टाकली जात, कडा छाटल्या जात. उरे ते संपादकाचं लेखन. वाचक मात्र निसटे. रूफस पोर्टरने १८४५ साली काढलेलं 'सायंटिफिक अमेरिकन' काय किंवा १८६५ चं 'इंग्लिश मेकॅनिक' काय, दोन्ही कारागिरांची आणि हौशी लोकांची. दुर्बिणीचं भिंग घरी कसं घासावं हे एकाने विचारावं आणि दुसऱ्याने कळवावं, असा तो व्यवहार. कोण काय विकत घेत होतं, हे जाहिरातीच सांगतात. आपल्याकडच्या 'मराठी ज्ञानप्रसारक' (१८५०) किंवा 'बालबोध' (१८८१) यांच्या अंकांनाही हेच लागू: वर्गणी, टपालखर्च शोधायचा तर आधी वेष्टन हवं.

यावर कोणी म्हणेल, सगळं स्कॅन होऊन फुकट मिळतं, मग कागद कशाला? पण स्कॅन बहुतांशी ग्रंथालयांतल्या बांधीव खंडांचेच झाले. तिथे जे कापलं गेलं ते पडद्यावर कुठून येणार? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सुटा अंक टिकत नाही, आणि बांधणीमुळेच कित्येक अंक वाचले. खरं आहे. १८७० नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो, कोपरा दुमडला की तुटतो. त्याआधीचा चिंध्यांचा कागद वयाने मोठा असूनही बहुधा मऊ राहतो. म्हणून आम्लरहित कागदाचं पाकीट हवं, आणि लॅमिनेशन तर चुकूनही नको.

विकत घेताना चित्रांआधी अंकाचा कणा बघावा. तिथे बांधणीच्या शिवणीची भोकं नि सरसाचे डाग असतील, तर तो खंडातून सोडवलेला अंक. दुकानदार काहीही म्हणो, त्याला सुट्या अंकाचा भाव देऊ नये.