चर्चच्या दारातले लग्न

मध्ययुगीन इंग्लंडात लग्न चर्चच्या दारात लागे. गावकऱ्यांसमक्ष तेथेच वर अंगठी घाली, आपल्या पश्चात पत्नीला काय मिळेल ते सांगे. मग मंडळी प्रार्थनेसाठी आत जात. पण धर्मशास्त्राच्या लेखी ना दार आवश्यक, ना पाद्री. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’, एवढे दोघांनी राजीखुशीने म्हटले की झाले लग्न!

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आमचे लक्ष भूदासाकडे जाते. मुलीच्या लग्नासाठी त्याला जमीनदाराकडे ‘मर्चेट’ नावाचा पैसा भरावा लागे. तरी बाराव्या शतकातच पोप चौथा एड्रियन याने निर्णय दिला की, धन्याची संमती नसली तरी दासाचे लग्न मोडत नाही. वेठ मात्र सुटत नाही, हेही त्याच निर्णयात होते!

राजीखुशीच्या नियमात एक खोच होती. एकांतात शब्द दिला आणि पुढे पुरुषाने कानांवर हात ठेवले, तर बाईने साक्षीदार आणावा कोठून? म्हणून १२१५ च्या लॅटरन परिषदेने लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा सक्तीची केली. पण घोषणेवाचूनचे लग्नही ग्राह्यच राहिले. पाद्री व साक्षीदार यांच्याविना लग्नच नाही, असे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये ठरविले. प्रॉटेस्टंट इंग्लंडात मात्र तोंडी शब्दाचे लग्न १७५३ च्या कायद्यापर्यंत चालत राहिले.