‘खेळात रस घेत नाही’ : पीटीची श्रेणी नक्की कशाची असते?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा त्याचा लिखित भाग. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

दिवाळीत घरी परंड्याला गेलो होतो. फराळ चालू असताना ताईनं भाच्याचं प्रगतीपत्रक माझ्या हातात दिलं. तिसरीतलं पोरगं. गणित अ-२, मराठी ब-१, परिसर अभ्यास अ-२. आणि शारीरिक शिक्षण? क-२. खाली वर्णनात्मक नोंद : ‘खेळात रस घेत नाही. सराव आवश्यक.’

ताई म्हणाली, “बघ रे, आता पीटीतबी मागं पडायला लागलाय.”

श्रेणीपेक्षा मला ती नोंद खटकली. कारण ह्या पोराला खो-खोचे सगळे नियम पाठ आहेत. कोणता खेळाडू कधी फाउल झाला हे तो टीव्हीसमोर बसून पंचाच्या आधी सांगतो. दुपारी अंगणात भिंतीवर चेंडू मारत एकटाच तास-तास खेळतो. दहापैकी आठ वेळा चेंडू हातातून सुटतो, पण थांबत नाही. ह्याला रस नाही असं कोण म्हणेल?

त्याला रस आहे, त्याला जमत नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आजचा सगळा एपिसोड ह्या फरकाबद्दलच आहे.

आमच्याकडं अशा पोराला धांदरट म्हणतात, नाहीतर वेंधळा. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, बुटाची लेस सुटते, ताटातलं सांडतं, सपाट रस्त्यावर ठेच लागते. किल्ल्याच्या बाजूला मी त्याला सायकल शिकवायला दोन वर्षं प्रयत्न करतोय. डोकं तल्लख आहे, डोळे-कान तपासून झालेत, ठीक आहेत. मी स्वतःही लहानपणी थोडाफार असाच होतो, म्हणून हा विषय जरा जास्तच लागला मला.

डॉक्टरी भाषेत ह्याला नाव आहे : डेव्हलपमेंटल को-ऑर्डिनेशन डिसऑर्डर, थोडक्यात डीसीडी. रोजच्या बोलण्यात डिस्प्रॅक्सिया. पूर्वी चक्क ‘क्लम्सी चाइल्ड’ म्हणायचे. १९९४ साली कॅनडातल्या लंडन गावात तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथं डीसीडी हे नाव सगळ्यांनी वापरायचं ठरलं. ५ ते ११ वयोगटात साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हा त्रास असतो असं मानलं जातं. चाळीस पोरांच्या वर्गात सरासरी दोन. म्हणजे तुमच्याही वर्गात एखादा असणारच. आठवा, कबड्डीच्या टीम पाडताना शेवटी उरायचा तो. हॅरी पॉटरवाला डॅनियल रॅडक्लिफ, त्यालाही सौम्य डिस्प्रॅक्सिया आहे. २००८ मध्ये त्यानं स्वतः सांगितलं होतं की बुटाची लेस बांधायला आपल्याला अजून त्रास होतो.

आता आत काय चालतं ते बघू. चेंडू तुमच्याकडं येतोय. तो हातात पडेपर्यंत थांबून मग बोटं मिटली तर उशीर झालेला असतो. म्हणून मेंदू आधीच अंदाज बांधतो, चेंडू इतक्या वेळात इथं येईल, आणि हात तिथं पाठवून ठेवतो. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. पिंग वाढला की समोरचा आत्ता जिथं दिसतो तिथं गोळी मारून उपयोग नसतो, तो पुढं कुठं असेल तिथं मारावी लागते. बहुतेकांचा मेंदू हा हिशोब आपोआप करतो. डीसीडीच्या मुलांमध्ये हा अंदाजच कच्चा पडतो, असं संशोधकांमधलं एक प्रमुख मत आहे. हात ताकदवान असतात, इच्छा असते, पण हात पोचतो तेव्हा चेंडू गेलेला असतो. आळस, लाड किंवा मोबाइल, ह्यातलं काही त्याचं कारण नसतं.

आणि आमचा जिल्हा आहे खो-खोचा. भारताची कर्णधार राहिलेली आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेली सारिका काळे आमच्या धाराशिवचीच. त्यामुळं इथं पीटीचा तास म्हटलं की पोरं पाटीवर बसतात. पण खो-खोत पाटीवर बसणाऱ्याला काय काय करावं लागतं, कधी मोजलंय? आठजण ओळीत, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून, पाय दुमडून बसलेले. पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो. त्याच क्षणी उठायचं, तोल सांभाळायचा, आपण कोणत्या बाजूनं निघणार हे ठरवायचं, एकदा दिशा घेतली की मागं वळायचं नाही, आणि पळणाऱ्यावर नजर ठेवायची. चार-पाच कामं अर्ध्या सेकंदात. माझा भाचा काय करतो? उठतो, गडबडतो, उलट्या दिशेला पाऊल टाकतो, फाउल. सगळे ओरडतात. दोन-तीनदा असं झालं की तो मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन उभा राहतो. आणि मग नोंद होते : रस घेत नाही.

आता श्रेणीकडं येऊ, कारण इथं एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मी तेव्हा आठवीत होतो, आमच्या मास्तरांची रजिस्टरं रातोरात जाड झाली होती. ह्या पद्धतीत भाषा, गणित वगैरेला आकारिक आणि संकलित असे दोन भाग असतात. पण कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण ह्या तीन विषयांना संकलित परीक्षाच नाही. शंभर टक्के आकारिक. म्हणजे वर्षभर बघत राहायचं, नोंदी करायच्या, आणि त्यावरून श्रेणी. सत्राच्या शेवटी एक दिवस मैदानात उभं करून स्टॉपवॉच लावा, असं ह्या पद्धतीत कुठंच अपेक्षित नाही.

माझ्या शाळेत मात्र तेच व्हायचं. पन्नास मीटर पळा, उडी मारा, गोळा फेका. आकडा रजिस्टरात, आकड्यावरून श्रेणी. मला नेहमी वाटायचं, उडी कशी मारायची हे कुणी शिकवलं कधी? शिकवलंच नव्हतं. जे घरून येत होतं तेच मोजलं जात होतं. फोनचा अंतुतू स्कोअर काढतात ना, तसं. दहा हजारांच्या फोनला स्कोअर कमी येणारच, त्यात फोन वापरणाऱ्यानं काय शिकलं ते कळत नाही. गणितात असं कुणी करत नाही. भागाकार शिकवतात, मग भागाकाराची परीक्षा घेतात.

अजून एक गंमत. खेलो इंडियाच्या शालेय फिटनेस चाचण्या आहेत. चौथीपासून पळणं, पुश-अप वगैरे. पण पहिली ते तिसरीसाठी उंची-वजन सोडलं तर दोनच चाचण्या. एक फ्लेमिंगो, म्हणजे एका पायावर ६० सेकंद तोल सांभाळायचा. दुसरी प्लेट टॅपिंग, दोन चकत्यांवर आलटून पालटून भराभर हात टेकवायचा, २५ फेऱ्या. तोल आणि हाताचा समन्वय. नेमकं जिथं डीसीडीचं मूल अडतं तेच. म्हणजे अशी मुलं लवकर ओळखायचं साधन शाळेच्या हातात आधीच आहे. त्याचा आकडा ‘हा पोरगा कच्चा’ म्हणून वाचायचा, की ‘ह्याला जरा बघायला हवं’ म्हणून, एवढाच प्रश्न.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, आणि तिच्या व्याख्येत डिस्लेक्सियाच्या जोडीला डिस्प्रॅक्सियाचं नावही लिहिलेलं आहे. त्याच कायद्यात शाळांनी अशा मुलांना इतरांच्या बरोबरीनं खेळाची संधी द्यावी असंही आहे. पण ‘तारे जमीन पर’मुळं डिस्लेक्सिया घराघरांत पोचला, डिस्प्रॅक्सिया राहूनच गेला. (त्या पिक्चरमधल्या ईशानलाही चेंडू नीट फेकता येत नाही, ते कुणाच्या लक्षात राहत नाही.) प्रमाणपत्रासाठीच्या तपासण्या मुख्यतः वाचन, लेखन आणि गणिताभोवती फिरतात. नीट वाचणाऱ्या पण चेंडू न झेलता येणाऱ्या पोराला त्यात जागा सापडणं अवघड. पण मुद्दा असा की पीटीच्या नोंदीतली एक ओळ बदलायला प्रमाणपत्र लागतच नाही. ती शिक्षकाच्या हातात आहे.

म्हणून दिवाळीनंतर दोन दिवस सुट्टी वाढवून मी शाळेत गेलो. इंजिनिअर माणूस, हात हलवत कसा जाणार? एक्सेल शीट करून नेली. सहभाग इतके गुण, नियमांची माहिती इतके, स्वतःची प्रगती इतके, सध्याचं कौशल्य इतके. सरांनी शांतपणे बघितली आणि हसले. “साहेब, त्रेचाळीस पोरं आहेत. हे भरायला मला अजून एक माणूस द्या.”

मग त्यांनी जे विचारलं ते महत्त्वाचं होतं. “ह्याला वेगळी फूटपट्टी लावली तर बाकीच्या पोरांवर अन्याय नाही का? उद्या दुसरे पालक येतील.”

माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं, खरं सांगतो. मी म्हणालो, “सर, त्याला फुकटचा अ देऊ नका. त्यालाच कळतं फुकटचं काय ते. आणि पीटीतून सूटही नको.” सूट हा मला सगळ्यात वाईट उपाय वाटतो. न जमणारं मूल खेळ टाळतं, टाळल्यामुळं दमसास कमी होतो, मग आणखी जमत नाही. हे चक्र संशोधनातही वारंवार दिसलंय. सूट म्हणजे त्या चक्रावर शिक्का.

शेवटी तोडगा सरांनीच काढला, आणि तो माझ्या शीटपेक्षा लाखपट बरा होता. ते म्हणाले, खो घेऊन उठणं ह्या एका कृतीच्या तीन पायऱ्या करू. पहिली, उभं राहून खो घ्यायचा आणि बरोबर दिशेला निघायचं. दुसरी, अर्धवट वाकून. तिसरी, पाटीवर पूर्ण बसून. पोरानं आपली पायरी आपण निवडायची. ज्याला तिसरी सहज येते त्याला पुढचं काम, खांबाला वळसा नाहीतर पोल डाइव्हची तयारी. नोंदवहीत प्रत्येकापुढं दोनच तारखा : सुरुवातीला दहापैकी किती, महिन्यानं दहापैकी किती. श्रेणी कुठं पोचला ह्यावरही आणि किती पुढं सरकला ह्यावरही. फूटपट्टी वेगळी झालीच नाही, सगळ्यांना एकच. फक्त शून्य कुठून मोजायचं ते बदललं. चांगल्या खेळणाऱ्या पोरांनाही त्यामुळं काम लागलं, आधी ती नुसतीच अ-१ घेऊन बसायची.

पायऱ्या पाडण्याचा हा प्रकार उपचारांशीही जुळतो. डीसीडीवर गोळी-औषध नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाला जे जमायला हवं तीच कृती घेतात, तिचे तुकडे करतात आणि मुलालाच विचार करायला लावतात. कॅनडात तयार झालेल्या एका पद्धतीचं सूत्र आहे : ध्येय ठरव, योजना कर, करून बघ, तपास. (आम्ही कोड डीबग करतो ते वेगळं काय असतं?) परंड्यात असा थेरपिस्ट शोधणं सोपं नाही. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना मुद्दाम सांगा. गरज असेल तर ते पुढं पाठवतात. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनाही विचारा. आणि एक गोष्ट कळकळीनं : मुलाला आधी जमत होतं ते आता जमेनासं झालं असेल, किंवा जमिनीवरून उठताना ते मांड्यांवर हात रेटून उठत असेल, तर हा धांदरटपणा समजू नका. लवकर डॉक्टरांना दाखवा, ते प्रकरण वेगळं असू शकतं.

तर, आमच्या पोराची नोंद. पहिल्या दिवशी उभं राहून, दहापैकी तीन वेळा दिशा बरोबर. सरांनी त्याला एक युक्ती दिली : बसल्याबसल्या आपलं तोंड ज्या बाजूला आहे तिकडचं झाड बघून ठेवायचं, खो आला की झाडाकडं पळायचं. गेल्या शनिवारी ताईचा फोन आला, पण बोलला तोच.

“मामा, आज वाकून सहा वेळा बरोबर. दोनदा पडलो.”

“लागलं का?”

“थोडं. सर म्हणले पडलेलं लिहीत नाही मी. मी म्हणलं लिहा की, पुढच्या वेळी एकदाच पडणार आहे.”

तुमच्या शाळेत पीटीची श्रेणी कशी द्यायचे, व्हॉइस नोट पाठवा. शिक्षक असाल तर नक्कीच पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला.