मानाचे दालन आणि मैदानाचे दार

बास्केटबॉल म्हटले की आपल्या मुलांना अमेरिकेतील एनबीए आठवते. पण देशादेशांतील सामने ज्या संस्थेच्या नियमांनी खेळले जातात, ती संस्था म्हणजे फिबा. १९३२ मध्ये जिनिव्हात आठ देशांनी मिळून ती काढली. खेळासाठी आयुष्य वेचणाऱ्यांच्या सन्मानासाठी फिबाने १९९१ मध्ये 'हॉल ऑफ फेम' स्थापन केले आणि २००७ मध्ये त्यात पहिली नावे दाखल झाली. त्या पहिल्याच यादीत जेम्स नेस्मिथ होते. अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड गावी १८९१ मध्ये व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू करणारे शिक्षक ते हेच.

या दालनात खेळाडूंबरोबर प्रशिक्षक, संघटक आणि पंचही आहेत. पंचाला शिव्या देणारे पुष्कळ, त्याचा सत्कार करणारे विरळा. म्हणून ही गोष्ट मनाला भावते.

२०१६ मध्ये येथे हकीम ओलाजुवान यांचे नाव आले. नायजेरियातील लागोसचा हा मुलगा आधी हँडबॉल खेळायचा. पुढे ह्यूस्टनच्या संघाला त्यांनी १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवून दिली. इंग्रजीत आपले नाव 'अकीम' लिहिले जाते, ते 'हकीम' असे हवे, हे त्यांनी १९९१ मध्ये जाहीरपणे सांगितले. १९९५ चा रमजान फेब्रुवारीत, ऐन हंगामात आला. हकीम रोजे ठेवून खेळले. दुपारचा सामना असेल तर पाण्याचा घोटही नाही. आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एनबीएने त्यांचीच निवड केली!

रोजा कोणाला दिसत नाही, त्याला नियमाची आडकाठी नव्हती. हिजाब मात्र दिसतो.

फिबाच्या नियमात डोके झाकण्यास मनाई होती. कारण दिले जाई दुखापतीचे. २०१४ मध्ये चीनमधील आशिया चषकात भारताच्या शीख खेळाडूंना पगडी उतरवून खेळावे लागले. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढण्यास सांगण्यात आले. त्यांनी तो काढला नाही, सामना सोडून दिला.

बिल्किस अब्दुल कादिर तर नेस्मिथ यांच्याच स्प्रिंगफिल्डची. शालेय सामन्यांत तिने ३,०७० गुण केले, मॅसॅच्युसेट्स राज्याचा तो विक्रम होता. अमेरिकी कॉलेज स्पर्धेच्या वरच्या गटात हिजाब घालून खेळणारी ती पहिली मुलगी. २०१४ मध्ये कॉलेजचा खेळ संपला आणि व्यावसायिक म्हणून युरोपात खेळण्याचा विचार होता, तोच फिबाचा नियम आडवा आला. हिजाब की बास्केटबॉल? तिने हिजाब ठेवला.

ती गप्प मात्र बसली नाही. अनेक देशांतील खेळाडू बोलत राहिल्या, अर्ज करत राहिल्या. अखेर मे २०१७ मध्ये हाँगकाँगच्या अधिवेशनात फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबरपासून डोके झाकून खेळण्याची मुभा मिळाली.

ज्या मुलीला मैदानातच येऊ दिले नाही, तिचे नाव मानाच्या दालनात कसे लागणार? नियम बदलला तेव्हा बिल्किसची ऐन उमेदीची तीन वर्षे निघून गेली होती.