देखण्या नायकाची दुसरी बाजू

बाबासाहेबांचा बंगला ज्या तळेगाव दाभाड्यात आहे, त्याच्याच जवळ मावळातील आंबी येथे 14 जुलै 2023 रोजी पोलिसांनी भाड्याच्या एका फ्लॅटचे दार तोडले. आत अभिनेते रवींद्र महाजनी यांचा मृतदेह होता. मृत्यू होऊन दोन-तीन दिवस झाले होते.

'लोकसत्ता'चे संपादक ह. रा. महाजनी यांचा हा मुलगा. उमेदवारीच्या काळात त्याने मुंबईत टॅक्सी चालवली. 1975 च्या 'झुंज'ने त्याला नायक केले. पुढे 'देवता', 'मुंबईचा फौजदार'! मराठीतला विनोद खन्ना म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. नंतर बांधकाम व्यवसायात तोटा झाला, कर्ज झाले आणि संसार विस्कटला.

मृत्यूची बातमी येताच समाजमाध्यमांवर न्यायालय भरले. आरोपी ठरला मुलगा, अभिनेता गश्मीर. बाप एकटा मेला, मुलाने टाकले! ना नोटीस, ना सुनावणी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातसुद्धा पोटगीसाठी अर्ज करावा लागतो आणि प्रांताधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण दोन्ही बाजू ऐकते. दुसरी बाजू ऐका, हा कायद्याच्या पहिल्या वर्षाचा धडा. वडिलांना एकटे राहणेच पसंत होते, असे गश्मीर यांनी नंतर सांगितले. ते कोणाच्या कानी जाणार?

मुलाला दोषी धरण्याची ही घाई कुठून येते, याचे उत्तर जुन्या हिंदू कायद्यात सापडते. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे 'धार्मिक कर्तव्य', असा धर्मशास्त्राचा नियम न्यायालये पाळत होती. बापाच्या कर्जापायी सामाईक मिळकतीतला मुलाचा हिस्सा जाई. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून नव्या कर्जांपुरता हा नियम रद्द केला. (हा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते.) नियम पुस्तकातून गेला, डोक्यातून गेला नाही. गश्मीर यांनीच सांगितले आहे की पंधराव्या वर्षी पुण्यात नृत्याचे वर्ग काढून त्यांनी घरावरचे कर्ज फेडायला सुरुवात केली. मिसरूड न फुटलेले पोर बापाचे कर्ज फेडते तेव्हा कुणाला त्यात अन्याय दिसला नाही. बापाने वेगळी वाट धरली तेव्हाही तोच गुन्हेगार!

आणि पत्नी? तिच्या नावावर ना टाळ्या, ना पोस्टर. नवऱ्याच्या यशात जिचा हिस्सा मोजत नाहीत, तिच्याच पदरात त्याचे अपयश पडते. स्त्रीला मिळकतीत हक्क देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले, म्हणून बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली. नायकाच्या देखणेपणावर बोलताना हे कोण आठवतो?

माधवी महाजनी यांनी 'चौथा अंक' या आत्मकथनात संसाराची आपली बाजू मांडली. घरातल्या साक्षीदाराची ही साक्ष 2024 मध्ये छापून आली; तोवर मुलाला शिक्षा सुनावून लोक आपापल्या घरी गेले होते.