शेतशिवारातील नैसर्गिक किरणोत्सर्ग : मोजणी व नकाशा

किरणोत्सर्ग म्हटला की अणुबाँब वा अणुभट्टी आठवते. वस्तुतः तो अल्प प्रमाणात प्रत्येक शेतात पूर्वापार आहेच. जमिनीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम आणि अंतराळातून येणारे विश्वकिरण हे त्याचे प्रमुख उगम होत. बेसाल्ट खडकात ही द्रव्ये थोडी असतात. म्हणून त्यापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत मोजणीचा आकडा कमी येतो. ग्रॅनाइटच्या मुलुखात तो अधिक असतो. केरळात कोल्लम जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने तेथे काही ठिकाणी तो कित्येक पटींनी वाढतो. तेव्हा यंत्राचा नुसता आवाज ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्या ठिकाणचा नेहमीचा आकडा किती, हे आधी ठाऊक असावे लागते.

मोजणी करताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) यंत्र मोकळ्या, सपाट जागी जमिनीपासून १ मीटर उंचीवर धरावे. दगडी बांध व विटांच्या भिंती टाळाव्यात.

(२) क्षणिक आकड्यावर विसंबू नये. किरण अनियमितपणे येतात. १०० ठोके मोजल्यास सुमारे १० टक्के, तर १०,००० मोजल्यास सुमारे १ टक्का फरक संभवतो.

(३) पाऊस पडताना वा उघडल्याबरोबर मोजणी करू नये. हवेतील रेडॉन वायूपासून झालेले कण पावसाबरोबर खाली येऊन आकडा काही काळ चढतो. उलट जमिनीत मुरलेली ओल किरण अडवते व आकडा उतरतो.

(४) स्थळ, तारीख, जमिनीचा प्रकार, ओल व यंत्र यांची नोंद ठेवावी.

अशा नोंदी समान अंतरांवर घेऊन नकाशावर मांडाव्यात व सारख्या आकड्यांची ठिकाणे रेषांनी जोडावीत. जेथे खडक वा माती बदलते, तेथे नोंदी अधिक दाट घ्याव्यात.

या खटाटोपाचा उपयोग संकटकाळी कळतो. १९८६ साली चेर्नोबिल येथील अपघातानंतर ब्रिटनच्या डोंगराळ भागात सीझियम पडले आणि तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. काही ठिकाणी ते २०१२ पर्यंत टिकले. पूर्वीच्या अणुचाचण्यांचे सीझियमही त्या मातीत होते. त्यामुळे जुने किती व नवे किती, हे ठरविण्यास आधीच्या नोंदीच कामी येतात.

मात्र शेतातील अशा मोजणीवरून धान्य वा दूध शुद्ध आहे की नाही, हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना तपासणे अवश्य आहे. नकाशा मात्र सुकाळातच तयार करून ठेवावा. संकट आल्यावर पूर्वस्थिती मोजता येत नाही.